छातीत आत्ता दुखत असेल तर आम्हाला फोन करू नका
(आमच्या ईसीजी ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर)

घरी येऊन ईसीजी काढणं आणि रक्ताचे नमुने नेणं हे आमचं काम. त्यामुळे ‘छातीत दुखून राहिलं जी, माणूस पाठवता का?’ असे फोन येतात. दुखणं आत्ता सुरू असेल तर आमच्या माणसाची वाट पाहण्यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन लावा, नाहीतर कोणाला तरी सोबत घेऊन मेडिकल, मेयो (ही दोन सरकारी हॉस्पिटलं) किंवा जवळचं हृदयरोगाचं हॉस्पिटल गाठा. स्वतः गाडी चालवू नका. महाल-इतवारीच्या गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स शिरत नसेल तर पेशंटला चालवत आणू नका, खुर्चीत बसवून उचलून आणा.

हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांचं हृदय तपासणीत ठीक निघालं आणि तरी छातीत दुखतच राहतं. अशांना घरचे ‘काही नाही, टेन्शन घेतो’ म्हणून गप्प करतात. पण ते दुखणं खरंच असतं. घबराट झाली की श्वास भरभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते. बरगड्यांमधले स्नायू आखडतात, तिथे टोचतं. हृदय धडधडतं आणि ‘आता आपण जातो’ असं वाटतं. हा जोर बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला जातो आणि मग ओसरू लागतो.

हृदयाचं दुखणं बरेचदा टोचत नाही, दाबतं. छातीच्या मधोमध जड वाटतं, आवळल्यासारखं होतं. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते. गार घाम फुटतो, मळमळतं. जिना चढताना दुखावं आणि थांबल्यावर काही मिनिटांत दुखणं जावं, हे तर डॉक्टरांना लवकरात लवकर दाखवण्याचं लक्षण. बसल्याजागी दुखू लागलं आणि थांबलंच नाही, तर वर सांगितलेली धावपळ करायची.

‘कुठे दुखतं?’ असं विचारलं की कोणी एका बोटाने नेमकी जागा दाखवतं, कोणी अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवतं. मुठीवाल्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. पण बोट दाखवणारा सुटला, असं नाही. दाबल्यावर दुखलं म्हणून हृदय ठीक, हेही खरं नाही. बायकांमध्ये, वयस्कर माणसांत आणि शुगरच्या पेशंटमध्ये तर कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं. म्हणून पहिल्यांदाच असं दुखलं तर ते हृदयाचंच समजून चालायचं. ‘काळजीमुळे होतं’ हे डॉक्टरांनी तपासून म्हणायचं, शेजाऱ्यांनी नाही.

सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘गॅस’. रात्री सावजी रस्सा झाला, पहाटे छाती भरून आली. मग सोडा, ओवा, पोट चोळणं यात दोन तास जातात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा स्नायू या दोन तासांतच मरत असतो. दुसऱ्याच्या डबीतली सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्यावरची गोळीही जिभेखाली ठेवू नका. बीपी एकदम खाली येऊ शकतं.

आता आमच्याच धंद्याबद्दल. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाहीच, असं होत नाही. पट्टीत उमटतात ते त्या वेळचे काही ठोके. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही अटॅकनंतर काही तासांनीच नीट बोलते, म्हणून हॉस्पिटलात दोन्ही पुन्हा करतात. आमचा नॉर्मल रिपोर्ट हातात धरून दुखत्या छातीने घरी बसणारा ग्राहक आम्हाला नको आहे.

डॉक्टरांनी काळजीचंच निदान केलं असेल, तर नेहमीसारखा झटका आल्यावर बसा आणि श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. औषधाने, समुपदेशनाने हे बरं होतं. मात्र दुखण्याची तऱ्हा बदलली, तर पुन्हा हॉस्पिटलच.

जुना ईसीजी जपून ठेवा. नव्याशी ताडून पाहायला डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. ती पट्टी थर्मल कागदाची असते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिली की काळी पडते, कपाटातही हळूहळू पुसट होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या.