वाकडतोंड्या बोलेस्वाफ आणि ११३८ च्या वाटण्या: पोलंड फुटला त्यामागची गोष्ट

पोलंडचा मध्ययुगीन इतिहास वाचायला घेतला की ११३८ हे साल सारखं आडवं येतं. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला बोलेस्वाफ तिसरा हा ड्यूक वारला, ज्याला लोक वाकडतोंड्या म्हणायचे, आणि जाताना राज्य पोरांमध्ये वाटून गेला. त्यानंतर क्राकुफ या राजधानीत राजाचा राज्याभिषेक व्हायला १३२० उजाडलं. मधली जवळजवळ दोनशे वर्षं नुसती भाऊबंदकी. त्यामुळे बापानं वाटण्या केल्या आणि देशाचं वाटोळं झालं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं, कारण या माणसाच्या तरुणपणी काय घडलं ते बघितलं की त्यानं असं का ठरवलं ते बऱ्यापैकी समजतं.

आधी हे सांगायला हवं की तो राजा नव्हता, ड्यूकच होता, म्हणजे मुकुट नसलेला सत्ताधीश. त्याच्या काकाला, म्हणजे दुसऱ्या बोलेस्वाफला, १०७६ मध्ये राज्याभिषेक झाला होता, पण त्यानं १०७९ मध्ये क्राकुफचा बिशप स्तानिस्वाफ याचा जीव घेतला आणि मग त्याला हंगेरीत पळून जावं लागलं. गादीवर आला धाकटा भाऊ व्वादिस्वाफ हेर्मान. यानं मुकुट घेतलाच नाही, आणि खरी सत्ता हळूहळू श्येचेख नावाच्या बड्या सरदाराच्या हातात गेली.

हेर्मानला आधीच एक मुलगा होता, झ्बिग्न्येफ, पण त्याच्या आईबरोबरचं लग्न चर्चला मान्य नव्हतं. म्हणून चर्चला चालेल असा वारस हवा होता आणि तो काही होत नव्हता. शेवटी हेर्मान आणि त्याची चेक राणी युडिथ यांनी फ्रान्सच्या दक्षिणेला संत जाईल्सच्या मठात नवस म्हणून लहान मुलाची सोन्याची मूर्ती पाठवली, आणि १०८६ मध्ये बोलेस्वाफ झाला. आई त्याच वर्षी गेली. थोरल्या झ्बिग्न्येफला जर्मनीत क्वेडलिनबुर्गच्या मठात शिकायला पाठवून दिलं होतं, म्हणजे तो धर्माकडे वळेल आणि गादीचा प्रश्न आपोआप मिटेल असा हिशोब.

तो मिटला नाही. श्येचेखच्या विरोधातल्या सरदारांनी झ्बिग्न्येफला परत आणलं, दोघे भाऊ एक झाले, बापाशी भांडले, श्येचेखला देशाबाहेर घालवलं आणि बापाच्या हयातीतच आपापला वाटा ठरवून घेतला. ११०२ मध्ये हेर्मान वारल्यावर उत्तरेकडचा भाग झ्बिग्न्येफकडे आणि क्राकुफ, सिलेसिया असा दक्षिणेकडचा बोलेस्वाफकडे. पण दोघांत वरचढ कोण हे कोणी ठरवलंच नव्हतं, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्याचं मूळ इथं आहे. एक वयानं मोठा, दुसरा चर्चच्या हिशोबानं खरा वारस. बोलेस्वाफ बाल्टिककाठच्या पोमेरेनियावर स्वाऱ्या करायचा, झ्बिग्न्येफ त्याच पोमेरेनियन लोकांशी तह करायचा. एका देशाची दोन धोरणं किती दिवस चालणार. ११०८ पर्यंत बोलेस्वाफनं भावाला पूर्ण हुसकावून लावलं आणि तो जर्मन राजा पाचव्या हेन्रीकडे जाऊन बसला.

११०९ मध्ये हेन्री सैन्य घेऊन आला. मागणी अशी की भावाला अर्धं राज्य परत दे आणि आम्हाला खंडणी दे. ओद्रा नदीवरच्या ग्वोगुफला वेढा पडला. गावकऱ्यांनी पाच दिवसांची सवलत मागितली, त्याबदल्यात ओलीस म्हणून आपली मुलं दिली आणि ड्यूकला विचारायला माणूस पाठवला. ड्यूकनं सांगितलं, गाव सोडायचं नाही. मग जर्मन सैन्यानं ती ओलीस मुलं वेढ्याच्या यंत्रांना बांधून यंत्रं तटबंदीकडे ढकलली, म्हणजे आतले लोक मारायला कचरतील. आतल्यांनी तरीही मारा थांबवला नाही. ग्वोगुफ पडलं नाही आणि हेन्री शेवटी हात हलवत परत गेला. हे सगळं लिहिलंय ते बोलेस्वाफच्याच दरबारी राहिलेल्या एका परदेशी धर्मगुरूनं, त्याचं नावसुद्धा आपल्यापर्यंत आलेलं नाही, गाल म्हणूनच तो ओळखला जातो. तो ड्यूकचा कौतुक करणारा माणूस, हे लक्षात ठेवूनच वाचावं लागतं, पण ही मुलांची गोष्ट वाचताना ड्यूकचा पराक्रम वगैरे काही डोक्यात राहत नाही, त्या आईबापांचंच डोळ्यासमोर येतं.

पुढे समेट झाला, झ्बिग्न्येफ परत आला. पण तो आला ते वाजतगाजत, पुढे तलवार धरलेला माणूस. तलवार पुढे चालवणं म्हणजे मी सत्ताधीश आहे असं जाहीर सांगणं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बोलेस्वाफनं सख्ख्या बापाच्या या मुलाचे डोळे काढले. गाल इथं चाचरतो, वाईट सल्लागारांवर ढकलतो, केलं ते स्पष्ट लिहीत नाही. प्रायश्चित्ताबद्दल मात्र भरभरून लिहितो: ड्यूकनं चाळीस दिवस उपास केले, राखेत बसला, जमिनीवर झोपला, मग हंगेरीत संत जाईल्सच्याच नावाच्या मठाची यात्रा केली, जो संत त्याच्या जन्मासाठी नवसाला पावला होता त्याच्याच दारात, आणि शेवटी ग्नियेझ्नोला संत अडालबर्टच्या समाधीला सोन्याची पेटी वाहिली. हे सगळं मनापासून होतं की राजकारण होतं? मला दोन्ही वाटतं. भावाला आंधळं केलेल्या ड्यूकच्या मागे सरदार आणि बिशप उभे राहणार नव्हते, त्यामुळे माफी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मागणं भागच होतं.

त्यानंतरची वर्षं पोमेरेनियात गेली. ११२० च्या आसपास तो प्रदेश त्याच्या ताब्यात आला, आणि ११२४ मध्ये त्याच्या सांगण्यावरून बाम्बर्गचा बिशप ओटो तिथं धर्मप्रसाराला गेला. पण हंगेरीच्या गादीच्या भांडणात उडी घेतली आणि ११३२ मध्ये तिथं सपाटून मार खाल्ला. ११३५ मध्ये जर्मनीतल्या मेर्झेबुर्गला जर्मन सम्राट लोथारसमोर त्याला पोमेरेनियासाठी मांडलिकत्व कबूल करावं लागलं, बारा वर्षांची थकलेली खंडणी भरायची पाळी आली, आणि मिरवणुकीत सम्राटाच्या पुढे तलवार धरून तो स्वतः चालला. पुढे तलवार चालवत आला म्हणून ज्यानं भावाचे डोळे काढले, तोच हा माणूस.

तीन वर्षांनी तो गेला. मृत्युपत्राचा मूळ कागद आज शिल्लक नाही, त्यातलं काय ते नंतरच्या लिखाणातून आणि १२१० मधल्या पोप इनोसंट तिसऱ्याच्या एका पत्रातून कळतं. प्रत्येक मोठ्या मुलाला स्वतःचा प्रांत: सर्वात थोरल्या व्वादिस्वाफला सिलेसिया, धाकट्या बोलेस्वाफला माझोव्हिया, म्येश्कोला पोझनानचा भाग, हेन्रिकला पुढे सांदोमिएश. सर्वात धाकटा काझिमिएश तेव्हा नुकता जन्मलेला, त्याला काही नाही. दुसऱ्या बायकोला, सालोमेआ राणीला, तिच्या हयातीपुरतं वेंचित्सा. या सगळ्यांवर एक नियम, की घराण्यात जो वयानं सर्वात मोठा तो मुख्य ड्यूक, आणि क्राकुफ त्याच्याकडे. म्हणजे ११०२ मध्ये जे ठरवलं नव्हतं नेमकं तेच यावेळी ठरवलं. कल्पना नवीनही नव्हती, त्याच्या आईचा आजा ब्रेतिस्लाव यानं १०५५ मध्ये बोहेमियात ज्येष्ठतेचाच नियम घातला होता आणि कीव्हच्या यारोस्लावनंही थोरल्याला वर ठेवून पोरांत राज्य वाटलं होतं. आणि तिकडेही भांडणं थांबली नव्हती, हे त्याला माहीत नसेल असं वाटत नाही.

अडचण अशी की थोरला व्वादिस्वाफ पहिल्या बायकोचा, बाकीचे सालोमेआचे. परत सावत्रपणा. व्वादिस्वाफला सगळंच हवं होतं, त्यानं विरोधात गेलेल्या प्योत्र व्वोस्तोविट्स या बलाढ्य सरदाराचे डोळे काढले आणि जीभ कापली, त्यावर बाकीचे सरदार आणि आर्चबिशप उलटले, आणि ११४६ मध्ये तो जर्मनीला पळाला, परत आलाच नाही. म्हणजे नियम आठ वर्षंसुद्धा टिकला नाही. पुढे ११७७ मध्ये ज्याला वाटा मिळाला नव्हता तोच काझिमिएश क्राकुफ घेऊन बसला. त्याच्यावरूनच काद्वुबेक या बिशपनं नंतर गोष्ट लिहिली की धाकट्याला काही का नाही असं विचारल्यावर मरणारा ड्यूक म्हणाला, चार चाकांच्या गाडीला हाकणाराही लागतो की. ती नंतर रचलेली असणार हे उघड आहे, कारण काद्वुबेक काझिमिएशच्या बाजूचा होता.

यानंतरची पडझड बोलेस्वाफच्या मृत्युपत्रावर टाकणं मला जड जातं. काझिमिएशच्या मुलानं, माझोव्हियाच्या कोनराडनं, १२२६ च्या सुमारास ट्यूटॉनिक नाइट्सना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, बोलावलं, १२४१ मध्ये मंगोलांनी लेग्नित्साला सिलेसियाच्या ड्यूकला मारलं, या प्रत्येकाची वेगळी कारणं आहेत. पण एक नुकसान मात्र थेट त्या वाटण्यांमधून आलं. व्वादिस्वाफचे वंशज सिलेसियात परत आले ते जर्मन सम्राटाच्या दबावानं, ११६३ मध्ये, आणि तिथून तो प्रांत हळूहळू वेगळाच होत गेला, इतका की १३३५ मध्ये पोलंडच्या राजानं त्यावरचा हक्क चेक राजासाठी सोडून दिला. पश्चिम पोमेरेनिया तर त्याच्याही आधी गेला होता. सिलेसियातलं व्रोत्स्वाफ आणि पोमेरेनियातलं श्चेचिन पोलंडच्या नकाशात परत आले ते थेट १९४५ मध्ये.