स्पाउस व्हिसावर आहात आणि बडोद्याला जास्त दिवस राहायचंय? आधी हे वाचा

नवरात्र जवळ आली की आमच्या दांडिया बाजारच्या ऑफिसात एकच प्रश्न येतो, बहुतेक वेळा ताईंची आईच विचारते, की पोरगी यूकेहून आलीय, १८० दिवसांच्या वर राहिली तर तिचं पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, जाईल का हो. तर ते १८० दिवस वर्क व्हिसावाल्यांचे. नवरा किंवा बायको तिकडची आहे म्हणून ज्यांना व्हिसा मिळालाय त्यांना पीआरसाठी, म्हणजे तिकडच्या भाषेत आयएलआरसाठी, दिवसांची अशी ठरलेली लिमिटच नाही.

पण म्हणून बिनधास्त राहू नका. होम ऑफिस, म्हणजे व्हिसा बघणारं तिकडचं सरकारी खातं, दिवस मोजण्यापेक्षा हे बघतं की तुमचा संसार खरंच तिकडे आहे का आणि पुढेही दोघं तिकडेच राहणार का, मग का गेलात, किती दिवस, नवरा बरोबर होता की एकटाच तिकडे, हे सगळं आलं. आयएलआरसाठी धरतात त्या पाच वर्षांतला बराचसा काळ इकडेच गेला असेल तर शंका येणारच, आणि शंका दूर करायचं काम आपलं.

बाळंतपणाला माहेरी येणं आपल्यात चालतंच, आणि बाळाचा पासपोर्ट होईपर्यंत मुक्काम वाढतोही. कारण चांगलं आहे, फक्त ते कागदावर पाहिजे: डॉक्टरांचे पेपर, नवरा मधे येऊन गेला त्याची तिकिटं, तिकडचं भाडं चालू होतं त्याची बँक एन्ट्री. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, अर्जाबरोबर दोघांच्या नावाची पत्रं लागतात, काउन्सिल टॅक्स, बँक, दवाखाना वगैरे, आणि ती दोन वर्षांवर पसरलेली लागतात. तुम्ही सात महिने इकडे असाल तर तेवढ्यात तुमच्या नावाचं तिकडे काही येतच नाही, मग मधेच मोठा खड्डा दिसतो.

खरा धोका तारखांचा. बाहेरून घेतलेला पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, मग एक्स्टेन्शन ३० महिन्यांचं, आणि एक्स्टेन्शनचा अर्ज यूकेत बसूनच होतो. इथे मांडवीत खरेदी करता करता व्हिसा संपला तर परत पहिल्यापासून नवीन व्हिसा, नवीन फी, आणि पाच वर्षांच्या हिशोबाचाही घोटाळा. तसंच एक्स्टेन्शन किंवा आयएलआरचा अर्ज टाकून निकाल यायच्या आधी लग्नाला म्हणून इकडे आलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. चुलत बहिणीचं लग्न असलं तरी!

आयएलआर हातात आल्यावर सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तर तो जातो. आणि दिवसांची खरी मोजणी सुरू होते ती सिटिझनशिपला. नवरा ब्रिटिश नागरिक असेल तर शेवटच्या तीन वर्षांत २७० दिवस आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवस, याहून जास्त यूकेबाहेर राहिलेलं नको. थोडं वर गेलं तर सूट देतात कधी, पण त्या भरवशावर तिकीट काढू नका. वर, अर्ज पोचेल त्याच्या बरोबर तीन वर्षं आधीच्या तारखेला तुम्ही यूकेत असायला पाहिजे, हे तर कोणी सांगतच नाही.

जायचा आणि पोचायचा दिवस धरत नाहीत. समजा २५ सप्टेंबर २०२४ ला लंडन सोडलं, नवरात्र झाली, दिवाळी झाली, उत्तरायणला गच्चीवर पतंग उडवले आणि १६ जानेवारी २०२५ ला परत उतरलात. झाले ११२ दिवस. आयएलआरला चालून जाईल, पण त्याच वर्षी सिटिझनशिपचा अर्ज टाकायचा असेल तर ९० च्या पुढे गेलात.

यूकेतून निघताना शिक्का मारत नाहीत, म्हणून आपल्या एअरपोर्टचे शिक्के हाच मोठा आधार. एक ताई मोहनथाळच्या डब्यात पाच वर्षांचे बोर्डिंग पास भरून घेऊन आल्या होत्या, निम्म्यांवरची शाई उडून नुसता पांढरा कागद उरलेला. त्यामुळे प्रत्येक पासचा मोबाइलवर फोटो काढा आणि साध्या वहीत निघालो-पोचलो लिहीत जा.

आम्ही वकील नाही, तारखा जुळवून फाइल तयार करून देतो, कायद्याचा सल्ला यूकेतल्या रजिस्टर्ड ॲडव्हायजरचाच घ्या. आमच्याकडे येताना जुना, रद्द झालेला पासपोर्टही आणा, अर्धे शिक्के त्यातच असतात.