अंधुक तेजोमेघ फोटोत कसे उतरले

मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग, अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. बहुतेक तेजोमेघांच्या नशिबी तेवढंही नाही. मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तर पसरट वस्तू मोठी दिसते, पण तिची चकाकी वाढत नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. तासभर टक लावली तरी पहिल्या क्षणी दिसलं तेवढंच दिसणार. फोटोची काच मात्र प्रकाश साठवते. अडचण एवढीच, की कोलोडियन या चिकट द्रावणाचा ओला लेप दिलेल्या जुन्या काचा वाळेपर्यंतच काम देत, म्हणजे जेमतेम काही मिनिटं.

१८७० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि ही अडचण सुटली. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टरने ११ इंची दुर्बिणीवर काच लावून मृगातल्या तेजोमेघाचा ५१ मिनिटांचा फोटो घेतला. तेजोमेघाचा हा पहिलाच फोटो. १८८३ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने त्याच तेजोमेघाचा फोटो काढला, तेव्हा दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही काचेवर उमटले. कॉमन पेशाने इंजिनिअर. आकाशाचे फोटो काढण्याच्या या छंदाचा पाया हौशी लोकांनीच घातला, हे सहसा कोणी आवर्जून सांगत नाही.

मग काच पुढे आणि डोळा मागे असा क्रम लागला. १८८५ मध्ये पॅरिसच्या हेन्री बंधूंना कृत्तिकांमधल्या माया ताऱ्याभोवतीचा तेजोमेघ आधी फोटोत सापडला. मृगातल्या ‘हॉर्सहेड’ या घोड्याच्या डोक्यासारख्या काळ्या तेजोमेघाचंही तेच. १८८८ मध्ये हार्वर्डला घेतलेल्या ९० मिनिटांच्या एका काचेवर तिथेच काम करणाऱ्या विल्यमिना फ्लेमिंग यांनी ती काळी खाच हेरली. पुढच्या सूचीत मात्र नाव आलं ते नुसतं हार्वर्डच्याच पिकरिंग यांचं.

मला यात सगळ्यात आवडतो तो अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड. तो काम करायचा त्या कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत भिंगाच्या दुर्बिणींमधली तेव्हाची जगातली सर्वात मोठी, ३६ इंची दुर्बीण होती. तरी त्याने आकाशगंगेचे गाजलेले फोटो काढले ते माणसांच्या फोटोंसाठी बनवलेल्या, जुन्या ६ इंची पोर्ट्रेट लेन्सने. पसरट तेजोमेघाला भिंगाच्या व्यासापेक्षा एफ-गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले व्यास) महत्त्वाचं, हे त्या लेन्सने दाखवून दिलं. मृगाला वेढणारं ‘बर्नार्ड्स लूप’ त्याने १८९४ मध्ये अशाच रुंद फोटोत टिपलं.

पण काच दमते. प्रकाश फारच मंद असला की वेळ दुप्पट करूनही परिणाम दुप्पट होत नाही. त्यावर उपाय म्हणून फिल्म आणि काचा नायट्रोजनमध्ये भाजायच्या, हायड्रोजनमध्ये मुरवायच्या असे उद्योग चालत. हौशी लोक घरी गॅसच्या टाक्या बाळगून हेच करत, आणि वर रात्रभर आयपीसला डोळा लावून गायडिंग, म्हणजे तारा जागचा हलू नये म्हणून दुर्बीण हाताने सावरत राहणं! कौतुक वाटतं, हेवा मात्र नाही.

प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या सीसीडी चिपची कल्पना १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये निघाली. ही चिप दमत नाही, आणि फिल्म शंभरातले एक-दोन फोटॉन (प्रकाशकण) पकडायची तिथे ही निम्म्याहून जास्त पकडते. त्यामुळे शेकडो छोटे एक्सपोजर घेऊन संगणकात त्यांचं स्टॅकिंग करणं, म्हणजे ते एकावर एक रचून एकच फोटो बनवणं, शक्य झालं. पण नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या खरखरीचा, हिशेब कडक आहे. फोटो दुप्पट स्वच्छ हवा तर वेळ चौपट द्यावा लागतो.

प्रकाशाचा एकच अरुंद पट्टा आत सोडणाऱ्या नॅरोबँड फिल्टरमागची कथा याहून जुनी. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात अनोळखी हिरव्या रेषा दिसल्या. त्यांच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं, की हा तर आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला, ऑक्सिजन. त्यातली ठळक रेषा ५००.७ नॅनोमीटरची, म्हणजेच आजचा ओ-थ्री फिल्टर. हायड्रोजन-अल्फा ६५६.३ चा. एवढाच अरुंद पट्टा आत घेतला की आकाशाचा बराचसा उजेड बाहेर राहतो.

त्या ओ-थ्रीने २०११ मध्ये निकोला उतेर या हौशी छायाचित्रकाराला वृषपर्वा तारकासमूहात ‘स्क्विड’ तेजोमेघ मिळवून दिला. २०२२ मध्ये हौशींच्याच एका गटाने छोट्या दुर्बिणीने शंभरहून जास्त तास घालवून देवयानी दीर्घिकेशेजारी ओ-थ्रीची एक लांब कमान टिपली. देवयानीचे फोटो तोवर किती जणांनी काढले होते याची गणतीच नाही, पण तिथे इतका वेळ ओ-थ्री लावून कोणी बसलं नव्हतं. ही कमान आपल्या आकाशगंगेतली की देवयानीजवळची, यावर लगोलग वाद सुरू झाला.