नासाने काय पुसलं आणि काय नाही

दर वर्षी 20 जुलै, म्हणजे 1969 मध्ये अपोलो 11 मधून माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तो दिवस, जवळ आला की कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच: "नासाने चंद्रावरची मूळ टेपच पुसली, मग पुरावा कुठाय?" गंमत अशी की वाक्याचा पहिला अर्धा भाग जवळपास खरा आहे. म्हणूनच हे झेंगट सुटत नाही. टेप आणि चित्रीकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे एकदाचं सांगून टाकतो.

चित्रीकरण तुम्ही पाहिलेलं आहे. काळंपांढरं, धूसर, शिडीवरून उतरणारा आर्मस्ट्राँग. त्यावर वेळ घालवत नाही. फक्त "मग कॅमेरा धरला कुणी?" हा प्रश्न आता पुरे. कॅमेरा यानाच्या बाहेरच्या बाजूला, घडी घातलेल्या फळीवर बसवलेला होता. उतरता उतरता आर्मस्ट्राँगने कडी ओढली, फळी उघडली.

आता टेप. चंद्रावरून आपल्या टीव्हीला चालेल असं चित्र येतच नव्हतं. माणसांचा आवाज, यानातल्या यंत्रांचे आकडे आणि चित्र, सगळं एकाच सिग्नलमध्ये कोंबायचं होतं, त्यामुळे चित्राच्या वाट्याला जागा थोडी. म्हणून अपोलो 11 चा कॅमेरा सेकंदाला फक्त 10 चित्रं पाठवायचा, प्रत्येक 320 आडव्या रेघांनी बनलेलं. अमेरिकन टीव्हीला हवी होती 30 चित्रं आणि 525 रेघा. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, ऑस्ट्रेलियातलं हनीसकल क्रीक आणि पार्क्स, इथल्या अँटेनांनी पकडलेला सिग्नल आधी एका पडद्यावर दाखवायचा आणि त्या पडद्यासमोर साधा टीव्ही कॅमेरा लावून तो पुन्हा टिपायचा, असा जुगाड होता. त्यात चित्राची धार गेली. जगाने त्या दिवशी पाहिलं ते हे चित्राचं चित्र.

रूपांतर होण्याआधीचा कच्चा सिग्नल त्याच वेळी 1 इंच रुंदीच्या, 14 ट्रॅकच्या टेपांवर नोंदवला जात होता. थेट प्रक्षेपण फसलंच तर हाताशी असावा म्हणून. ते फसलं नाही, टेपा गोदामात गेल्या. पुढे नासाकडे टेपांचा तुटवडा पडला आणि इतर असंख्य टेपांसोबत याही पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं नासाच्याच शोधपथकाने 2009 मध्ये जाहीर केलं. हा गलथानपणा आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. आपल्याला आणखी स्वच्छ आर्मस्ट्राँग दिसला असता, तो कायमचा गेला.

पण गेली ती स्वच्छता. रूपांतरानंतरचं प्रक्षेपण टीव्ही कंपन्यांनी रेकॉर्ड केलं होतं, ते शाबूत आहे आणि 2009 मध्येच ते साफसूफ करून पुन्हा दाखवलं गेलं. शिवाय यानाच्या खिडकीतून 16 मिलिमीटरच्या फिल्मवर केलेलं चित्रीकरण आणि अंतराळवीरांनी हॅसेलब्लाड कॅमेऱ्याने काढलेले फोटो यांचा टेपशी काही संबंधच नाही. त्या फिल्म चंद्रावर गेल्या, परत आल्या आणि इथे धुतल्या गेल्या.

घोळ घालतो तो "मूळ" हा शब्द. आपण तो ऐकतो आणि मनात "एकमेव" असं वाचतो. लग्नाच्या अल्बमची निगेटिव्ह स्टुडिओवाल्याने भंगारात दिली तर अल्बम कोरा होत नाही, आणि मामांनी आपल्या कॅमेऱ्यावर काढलेले फोटो तर नाहीच नाही. शिवाय ही गोष्ट एकट्या अपोलो 11 ची. त्यानंतर आणखी पाच याने उतरली, सहा मोहिमांत मिळून 382 किलो दगडमाती आली, आणि आपल्या चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्यालाही अपोलो 11 चा तिथे राहिलेला खालचा भाग दिसलेला आहे.

आपल्याकडे तर ही गल्लत व्हायचं कारणच नव्हतं. मुंबईत टीव्ही आला 1972 मध्ये. 1969 च्या जुलैत इथल्या लोकांना ते चित्र थेट दिसलंच नाही, रेडिओ आणि वर्तमानपत्रं यांवर भागलं. ऑक्टोबरात आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स हे अपोलो 11 चे तिघे स्वतः मुंबईत आले तेव्हा त्यांना पाहायला गर्दी लोटली होती. टेपवाचून कुणाचं अडलं नाही.

   

आणि खरोखरच न झालेल्या चित्रीकरणाबद्दल हळहळायचं असेल तर अपोलो 12 घ्या. नोव्हेंबर 1969. या वेळी रंगीत कॅमेरा होता. अंतराळवीर ॲलन बीनने तो जागेवर लावताना चुकून सूर्याकडे फिरवला आणि आतली चित्र टिपणारी नळी जळाली. त्याने हातोडीने ठोकूनही पाहिलं. चित्र काही परत आलं नाही. त्यावर मात्र ग्रुपवर कधी कुणी फॉरवर्ड टाकत नाही.