इंग्लिश ब्लूबेल की स्पॅनिश? आधी परागाचा रंग पाहा

इंग्लंडात हर्टफर्डशरमधलं आमचं घर आम्ही नोव्हेंबरात घेतलं. मागच्या अंगणात तेव्हा ओली माती, सफरचंदाचं एक जुनं झाड आणि त्याचा कुजत पडलेला पाला, एवढंच होतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कुंपणालगत निळ्या घंटांचे दांडे उभे राहिले, ते बघून मी हरखूनच गेले. लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले: "आमच्याकडे न लावता ब्लूबेल आल्या!" दोन दिवसांनी शेजारच्या आजी चहाला आल्या. त्यांनी एक फूल बोटाने हलकेच वर उचललं, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "छान आहे, पण ही आपल्या रानातली नाही. स्पॅनिश दिसते."

आजी फुलाच्या आत पाहत होत्या ते पराग. इंग्लिश ब्लूबेलचे पराग दुधावरच्या सायीसारखे, पिवळट पांढरे असतात. स्पॅनिश ब्लूबेलचे निळे, कधी हिरवटसर निळे. ही खूण मी आता सगळ्यांना सांगते, कारण तिला ना फूटपट्टी लागते ना वनस्पतिशास्त्राचं पुस्तक. फक्त पाहायचं ते नुकत्या उमललेल्या फुलात. जुन्या फुलातले परागकोश सुकून तपकिरी होतात आणि मग फसगत होते.

दुसरी खूण लांबूनही दिसते. इंग्लिश ब्लूबेलचा दांडा शेंड्याशी वाकतो, दाणे भरल्यावर भाताची लोंबी वाकते तसा, आणि सगळी फुलं एकाच बाजूला लोंबतात. स्पॅनिशचा दांडा निशिगंधासारखा ताठ असतो आणि फुलं त्याच्या चहूबाजूंनी येतात. इंग्लिश फूल अरुंद, नळीसारखं, सरळ बाजूंचं. पाकळ्यांची टोकं मात्र मागे चांगलीच वळलेली. स्पॅनिश फुलाचं तोंड पसरट, आणि टोकं नुसती बाहेर उघडलेली, वळलेली नाहीत. वासातही फरक आहे. इंग्लिश ब्लूबेलला गोडसर, स्पष्ट सुवास असतो, आणि मोठ्या रानात तो फुलं दिसायच्या आधीच नाकाला कळतो. स्पॅनिशला वास जवळजवळ नाहीच.

फुलं यायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखायची वेळ आली तर पानं बघा. इंग्लिश ब्लूबेलचं पान एक ते दीड सेंटिमीटर रुंद, फार तर दोन. स्पॅनिशचं तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, जाड आणि भरदार. रंगावर मात्र फार विसंबू नका. स्पॅनिश निळा साधारणपणे फिका असतो हे खरं, पण उन्हात, सावलीत आणि फोटोत निळ्याच्या इतक्या छटा दिसतात की त्यावरून निर्णय करणं अवघड. पांढरी फुलं दोन्हींत येतात, इंग्लिशमध्ये क्वचित. बागेत गुलाबी ब्लूबेल दिसली तर ती बहुधा स्पॅनिश किंवा मिश्र असते.

खरी गुंतागुंत या 'मिश्र' शब्दापाशी सुरू होते. दोघींचा सहज संकर होतो आणि त्याची संतती पुन्हा प्रजननक्षम असते. इंग्लिश ब्लूबेलचं शास्त्रीय नाव हायासिंथॉइडिस नॉन-स्क्रिप्टा, स्पॅनिशचं हायासिंथॉइडिस हिस्पॅनिका, आणि संकराला मॅसार्टियाना म्हणतात. ब्रिटनमधल्या बागांतून ज्यांना लोक सरसकट 'स्पॅनिश' म्हणतात, त्यांतल्या बहुतेक प्रत्यक्षात हा संकरच असतात. माझ्याही तशाच निघाल्या. पुढच्या वर्षी मी एकेक दांडा बसून पाहिला: पान अडीच सेंटिमीटरचं, शेंडा अर्धवट झुकलेला, काही फुलांत निळसर पराग तर काहींत जवळजवळ पांढरे, वास अगदी पुसट. म्हणून एका खुणेवर, एका फुलावर निकाल देऊ नये. पराग, दांडा, पाकळीचं टोक, पान आणि वास, सगळं मिळून पाहावं, आणि तेही पाच-सहा रोपांवर. सगळ्या खुणा इंग्लिशच्या बाजूला गेल्या तरच इंग्लिश म्हणावं.

एवढा कीस कशासाठी काढायचा, असं आईने मला फोनवर विचारलं होतं. फूल ते फूल. तिला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. इंग्लिश ब्लूबेल ही पश्चिम युरोपच्या अटलांटिक किनारपट्टीची वनस्पती आहे आणि जगातल्या एकूण ब्लूबेलपैकी जवळपास निम्म्या एकट्या ब्रिटनमध्ये आहेत असं मानलं जातं. ज्या रानात ती दाट पसरलेली असते ते रान बहुतेकदा शेकडो वर्षं रान म्हणूनच टिकून राहिलेलं असतं, कारण ती फार सावकाश पसरते. इथल्या कायद्याने तिला संरक्षण आहे. १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टच्या यादीत तिचा समावेश १९९८मध्ये झाला आणि रानातून कंद किंवा बिया काढून विकणं गुन्हा ठरलं. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उपटता तर कुठलंच रानटी रोप येत नाही.

स्पॅनिश ब्लूबेल सतराव्या शतकाच्या अखेरीस बागेतली शोभेची वनस्पती म्हणून इथे आली. मूळची ती स्पेन-पोर्तुगालची. ऊन सोसते, जोमाने वाढते, कशाही मातीत रुजते, म्हणून माळ्यांना आवडली. १९०९मध्ये बागेबाहेर वाढताना तिची नोंद झाली. बागा साफ करताना उपटलेले कंद लोक रानाच्या कडेला टाकत आले, आणि मधमाश्यांना कुंपण कळत नाही. इंग्लिश ब्लूबेल या संकरात हळूहळू विरघळून जाईल अशी भीती त्यातूनच निर्माण झाली. एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संशोधकांचे निष्कर्ष मात्र धीर देणारे आहेत: इंग्लिश ब्लूबेलची प्रजननक्षमता स्पॅनिशपेक्षा चांगली आहे आणि रानांतली तिची संख्याही प्रचंड आहे. मोठी रानं इतक्यात हातची जाणार नाहीत. पण लहान रानाला लागून घरं असतील, आणि त्या घरांतली एक बाग आपली असेल, तर आपण काय लावतो याला नक्कीच अर्थ आहे.

नावाचे आणखी दोन गोंधळ इथेच उरकते. स्कॉटलंडमध्ये पूर्वापार 'ब्लूबेल' म्हणतात ते फूल वेगळंच, नाजूक देठाचं आणि उघड्या माळावरचं. इंग्लंडात त्याला हेअरबेल म्हणतात. आणि अमेरिकेतली आपली मराठी मंडळी ज्या 'व्हर्जिनिया ब्लूबेल'चे फोटो पाठवतात तीही सावलीतली, वसंतातलीच, पण तिचं कूळ पूर्णपणे निराळं आहे. या लेखातल्या खुणा तिला लागू होत नाहीत.

आता लावण्याबद्दल. 'सावलीतलं फूल' म्हटल्यावर मी आधी घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत, सदाहरित झुडपाखाली जागा ठरवली होती. ते चुकीचं होतं. ब्लूबेलला हवी असते ती पानगळीच्या झाडाची सावली: ओक, बीच, हेझल, नाहीतर माझ्याकडे आहे तसं सफरचंद. हिवाळ्यात झाडं उघडी असतात तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीतच तिची पानं जमिनीवर येतात. फांद्यांमधून येणाऱ्या उन्हावर ती वर्षभराचं अन्न तयार करते, एप्रिल-मेमध्ये फुलते, आणि वर पानांचं छत पुरतं मिटेपर्यंत तिचं काम आटोपलेलं असतं. जून संपेस्तोवर पानं पिवळी पडून नाहीशी होतात. बारा महिने दाट सावली असेल तर तिला हे ऊन मिळतच नाही.

आपल्याकडच्या भुईचाफ्याची मला इथे आठवण येते. तोही उन्हाळ्यात पानांआधी थेट मातीतून फुलतो आणि पाऊस लागला की पानं काढतो. त्याचं वेळापत्रक पाणी ठरवतं, हिचं उजेड ठरवतो. हे एकदा लक्षात आलं की फुलं संपल्यावर हिरवी पानं कापू नयेत, गाठी मारू नयेत, तुडवू नयेत, हे वेगळं सांगावं लागत नाही. ती पानं म्हणजे पुढच्या वर्षाची शिदोरी.

कंद सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये लावतात, सुमारे दहा सेंटिमीटर खोल आणि तितक्याच अंतरावर. कंद फार वेळ उघड्यावर राहिला तर सुकून वाया जातो, त्यामुळे मिळाल्या दिवशी लावलेला बरा. दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते: फुलं संपल्यावर, पानं अजून हिरवी असताना रोपवाटिकेतून आलेली रोपं लावायची. त्यांना इथे 'इन द ग्रीन' म्हणतात. पांढऱ्या भागापर्यंत रोप मातीत जाऊ द्यायचं आणि पाणी घालायचं. पुढे कंद स्वतःच स्वतःला खाली ओढून घेतो. त्याची काही मुळं आकसतात आणि वर्षागणिक तो थोडा खोल जातो. जुन्या रानात तो वीस-पंचवीस सेंटिमीटर खोलही सापडतो.

माती ओलावा धरणारी पण पाणी न साचणारी, आणि वर कुजलेल्या पाल्याचा थर, इतकं पुरे. रासायनिक खत मी घालत नाही. ब्लूबेलची मुळं थोडी आणि आखूड असतात. मातीतला फॉस्फरस मिळवायला ती मुळांत राहणाऱ्या बुरशीवर अवलंबून असते. ही बुरशी पाल्याच्या, न उकरलेल्या जमिनीत छान टिकते. म्हणून दरवर्षी शरदात सफरचंदाचा पाला मी तिथेच पडू देते.

खरेदी करताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. मी पहिल्यांदा एका दुकानातून 'इंग्लिश' असं छापलेली पन्नास कंदांची पिशवी आणली होती. दुसऱ्या वसंतात त्यातून ताठ दांडे वर आले, चारांना गुलाबी फुलं. दोन वर्षांचं काम उकरून काढावं लागलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून शास्त्रीय नाव पूर्ण लिहिलेलं असेल आणि कंद रोपवाटिकेत वाढवलेले आहेत असं विक्रेता लेखी सांगत असेल, तरच घेते. किंमत जास्त पडते, पण अगदी स्वस्त 'इंग्लिश' कंद मी आता घेत नाही.

धीर असेल तर बियांपासूनही येते. दांडा सुकला की काळ्या, चकचकीत, गोल बिया झडतात. त्या ताज्याच पेरायच्या. उन्हाळ्याची ऊब आणि मग गारवा अशा क्रमाने त्या हिवाळ्यात रुजतात. पहिल्या वर्षी गवताच्या काडीसारखं एकच पान येतं आणि फूल यायला चार-पाच वर्षं, कधी जास्तही लागतात. शेजारच्या आजींनी दिलेल्या बियांच्या माझ्या कुंडीला आता तिसरं वर्ष चालू आहे.

स्पॅनिश किंवा मिश्र रोपं काढायची असतील तर पानं दिसत असतानाच काढा, म्हणजे कंद कुठे आहेत ते कळतं. खोल खणावं लागतं, आणि एक छोटा कंद राहिला तरी पुन्हा येतो. दोन-तीन वर्षं चिकाटी हवी. काढलेले कंद कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे ते मजेत जगतात. काळ्या पिशवीत बांधून वर्षभर ठेवा, मग टाका. रानाच्या कडेला तर मुळीच नको. आणि तुमची बाग शहराच्या मधोमध असेल, जवळपास रान नसेल, तर आहेत त्या फुलांसाठी अंगण खणून काढायचीही घाई नको. मधमाश्या त्यांच्यावरही येतात.

एक सावधगिरी आपल्या स्वयंपाकघरासाठी. ब्लूबेलचे सगळे भाग विषारी आहेत. हाताळताना हातमोजे घालावेत. त्याच रानांत, त्याच दिवसांत रानलसूण उगवतो आणि इथली आपली माणसं त्याची चटणी, थालीपीठं करतात. खुडताना मुठीत ब्लूबेलचं पान येऊ शकतं. प्रत्येक पान चुरडून लसणाचा वास येतोय का ते पाहा. एकदा हाताला वास लागला की सगळ्याच पानांना येतो असं वाटतं, तेव्हा नजरही हवी. रानलसणाचं पान रुंद, देठ असलेलं असतं. ब्लूबेलचं पात्यासारखं, अरुंद आणि बिनदेठाचं.

मुलांकडे इंग्लंडला येणारे आईबाबा परतताना कंद नेऊ का विचारतात. नका नेऊ. परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय भारतात कंद नेता येत नाहीत. शिवाय या कंदाला लांब, गार, ओला हिवाळा लागतो, जो पुण्या-मुंबईत नाही.

त्यापेक्षा आईबाबा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला आले तर त्यांना रान दाखवा. लंडनमध्ये क्यू गार्डन्सच्या क्वीन शार्लट्स कॉटेजभोवती, किंवा आमच्याजवळ अॅशरिजच्या डॉकी वुडमध्ये बीचखाली दूरवर निळं पसरलेलं असतं. फोटोसाठी त्यात शिरू नका. तुडवलेलं पान पुन्हा उभं राहत नाही आणि कंद उपाशी राहतो; तुडवलेल्या जागेला सावरायला कित्येक वर्षं लागतात. वाटेच्या कडेला बसा, जवळचं एक फूल न तोडता बोटाने वर उचला. आत साय दिसेल.