पोकळ बेहड्याची किंमत

रस्तारुंदीसाठी पुण्यात एखादा जुना वड पाडायचा ठरला की ‘बदल्यात नवी रोपं लावू’ हे आश्वासन ठरलेलं. त्यातली सगळी रोपं जगली, तरी त्यांच्या खोडात ढोली कधी तयार होणार?

जाड खोडाचा जिवंत भाग सालीलगतच असतो. मधला गाभा मेलेला. टॅनिनसारखी तुरट द्रव्यं मुरल्यामुळे टिकलेला. वादळात मोठी फांदी मोडली की जखमेतून बुरशी आत शिरते. बाहेरचं रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं जिवंत लाकूड, पाण्याने भरलेलं, तिथे प्राणवायू कमी. म्हणून ती गाभ्यात पसरते. ‘पांढरी कूज’ करणाऱ्या बुरशा लाकडाला कणखर करणारं लिग्निन फोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात, लाकूड भुसभुशीत होतं. झाडही स्वस्थ बसत नाही: जखमेलगतच्या वाहिन्या बुजवतं, बाहेरून नव्या लाकडाचा थर चढवतं. त्यामुळे आतून पोकळ झालेलं झाड वरून हिरवंगार असू शकतं. बेहड्यासारख्या झाडात धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी मावेल एवढी ढोली व्हायला कित्येक दशकं जातात. धनेशाला स्वतः खोड पोखरता येत नाही. मादी आयत्या ढोलीत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि फट ठेवते तेवढ्यातून नर तिला फळं भरवतो.

अशी म्हातारी झाडं आपल्याकडे टिकली ती मुख्यतः देवरायांत, देवाच्या नावाने राखलेल्या रानांत. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. डी. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पुण्यात राहून सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या कोपाला आपण जरा जास्तच श्रेय देतो. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राई विकायला निघालेल्या गावांना कुठलाच देव आडवा आला नाही.

१९९४ साली पुण्यात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही निसर्गसंवर्धन करणारी संस्था सुरू झाली. डॉ. अर्चना गोडबोले, जयंत सरनाईक आणि सहकाऱ्यांनी संगमेश्वर तालुक्यातल्या देवरायांपासून काम उभं केलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी, त्यामुळे मालकाने होकार दिला की ठेकेदार करवत घेऊन हजर. संस्थेने गावकऱ्यांशी संवर्धन करार केले: जंगल राखा, मोबदला घ्या. मला यातला रोखठोकपणा आवडतो. बेहड्याचं लाकूड एकदाच विकता येतं, फळं मात्र पुन्हा पुन्हा. म्हणून हिरडा-बेहड्याच्या फळांसाठी ‘फेअरवाइल्ड’ या, रानातून जपून गोळा केलेल्या मालाला मिळणाऱ्या प्रमाणपत्राची वाट धरली. त्यात झाडावरून किती फळं काढायची, यालाही मर्यादा असते.