गरमी-परम्यापासून हिपॅटायटिसपर्यंत

धंदा करणाऱ्या बाईची तपासणी हा विषय सरकारदरबारी पहिल्यांदा आला तो तिच्या काळजीपोटी नव्हे. गोरे शिपाई आणि खलाशी गरमी-परम्याने, म्हणजे सिफिलिस-गनोरिया या गुप्तरोगांनी, आजारी पडत, म्हणून १८६८ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. बाईने नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी तपासणीला यायचं, आजार निघाला तर तिला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या बंदिस्त दवाखान्यात, डांबायचं. गिऱ्हाईक मोकळंच. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत थांबला, १८८० मध्ये परत आला. बायका नोंदणी चुकवत राहिल्या. १८८८ मध्ये तो रद्द झाला, पण दवाखाना आणि पोलीस ही जोडी बायकांच्या मनात पक्की झाली. या बायकांपर्यंत उपचार पोहोचवण्यात पुढच्या शंभर वर्षांत आलेल्या अपयशाचं मूळ मला तिथेच दिसतं.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि गरमी बरी होऊ लागली. परमा आणि क्लॅमिडिया (शरीरसंबंधातून होणारा आणखी एक संसर्ग) मात्र बाईच्या अंगात पुष्कळदा मुकाट राहतात. ना जळजळ, ना स्राव. ओटीपोटात दुखू लागेपर्यंत किंवा मूल राहत नाही हे कळेपर्यंत वर्षं गेलेली असतात. ‘त्रास झाला तर ये’ हा सल्ला म्हणूनच अपुरा पडतो.

१९८६ मध्ये देशातले पहिले एचआयव्ही रुग्ण सापडले ते चेन्नईतल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्येच. बोट पुन्हा त्यांच्याकडे वळलं. वेगळी वाट निघाली १९९२ च्या सुमारास: कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांचं काम आणि आपल्या सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था. वस्तीतल्याच बायका निरोध वाटू लागल्या, एकमेकींना दवाखान्यात नेऊ लागल्या. १९९६ मध्ये सांगलीत त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. तपासायची वस्तू असलेली बाई इथे पहिल्यांदा आरोग्यसेविका झाली, आणि ही गोष्ट मला कुठल्याही औषधाइतकी मोठी वाटते. एक अडचण तरी उरलीच. गिऱ्हाइकाला निरोध सक्तीचा करणारी बाई तिच्या ‘मालका’ला, म्हणजे कायमच्या जोडीदाराला, तसं सांगू शकत नाही. तिथे प्रेम आड येतं.

या सगळ्यात हिपॅटायटिस, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी सूज, मागे पडला. कावीळ म्हटली की आपण खराब पाणी आठवतो. पण हिपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. सी मुख्यतः रक्तातून येतो: न उकळलेली सुई, गोंदण, वाटून घेतलेली सिरिंज. सीचा विषाणू ओळखलाच गेला १९८९ मध्ये. त्यावर लस नाही, मात्र साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. बीवर लस १९८० च्या दशकापासून आहे. आपल्याकडे ती देशभरातल्या बाळांना २०११ पासून मिळू लागली. म्हणजे आज धंद्यात असलेल्या बहुतेक बायका त्याआधी जन्मलेल्या. मोफत तपासणी आणि उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला २८ जुलै २०१८ रोजी.

मोठ्या माणसाला बीच्या लशीचे तीन डोस लागतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. वस्त्या बदलत, गावोगाव फिरत जगणाऱ्या बाईचा तिसरा डोस हमखास राहतो. राहिला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे असेल तिथल्या दवाखान्यात उरलेला डोस घेता येतो.